खंडेनवमीला पुजलेली किल्ली

वाळूजच्या एका कारखान्याच्या कामगारांचं पोर्टल आमच्याकडं आहे. पगार, रजा, बँकेचे खाते क्रमांक, सगळं त्यावर. आमच्याकडं म्हणजे मामाच्या छोट्या कंपनीत. मामा मालक, आणि सर्व्हरचं काम माझ्या गळ्यात.

त्या पोर्टलच्या सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत नेमकी खंडेनवमीला संपत होती. नवं प्रमाणपत्र क्लाउडच्या पानावर चढवायचं तर एका चौकटीत प्रमाणपत्र टाकायचं, ते जगानं पाहिलं तरी चालतं. दुसरीत त्याची खाजगी किल्ली, म्हणजे अक्षरांचा एक गिचमिड ठोकळा. ती ज्याच्या हाती लागेल तो आमचं सोंग घेऊन कामगारांचे पासवर्ड लुबाडू शकतो. किल्लीची फाइल लॅपटॉपवर उघडून मी कॉपी करत होते, तेवढ्यात मामी हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली.

"थांब, बंद करते," मी म्हटलं.

"नाय नाय, चालू राहू दे. हत्यार झोपलेलं पुजतेत का?" मामा म्हणाला आणि त्यानं मला नारळ आणायला पिटाळलं. मीही मोठी शहाणी, गेले.

परत आले तर लॅपटॉपला झेंडूची माळ, कडेला कुंकू आणि मामा मोबाइलमध्ये बघून खुशीत. फोटो त्यानं ग्राहकांच्या ग्रुपवर टाकलासुद्धा होता. मी तो मोठा करून पाहिला. पडद्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

"मामा, काढ तो फोटो! आधी काढ!"

"का गं? लई भारी आलाय की."

किल्ली म्हणजे काय, ते मी ओरडूनच सांगितलं. मामानं घाईघाईनं फोटो ग्रुपवरून काढला. ती किल्ली रद्द करून नवी बनवायला मी लगेच बसणारच होते. पण कारखान्याला कळवणं भाग होतं, आणि कळवलं की काम जाणार. आमच्याकडं मोठं म्हणावं असं ते एकच काम. तरी मामानं लपवलं नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. स्पीकर लावून त्यानं तिथल्या आयटीच्या साहेबांना फोन केला आणि अडखळत सगळं सांगितलं.

"साहेब?"

"तो फोटो," साहेब खालच्या आवाजात म्हणाले, "मीच आमच्या कामगारांच्या ग्रुपवर टाकलाय. शुभेच्छा म्हणून. आता त्यांना मी काय सांगू?"

मामानं माझ्याकडं पाहिलं. झेंडूची माळ बाजूला सारून मी नवी किल्ली बनवायला बसले.