गोळ्या न घेणारी काकू

"मी कुठी घेते गोळ्या? काढा पेत जा, बस."

काकू बाहेरच्या खोलीत सांगून राहिली होती. मी स्वयंपाकघरात ताट पुसता पुसता थांबले. समोर कोण आहे ते आवाजावरून कळलं. मागच्या गल्लीतली नवी सून, पोटुशी. तपासणीत तिला एचआयव्ही निघाला होता आणि दवाखान्याच्या बाकावर काकूशी ओळख झाली होती.

काका याच आजारानं गेले. काकूलाही तो आहे, पण गोळीशिवाय वर्षानुवर्षं ठणठणीत. मला त्याचा कायम संशय यायचा. आधी वाटलं, रिपोर्टच चुकला असेल. मग वाटलं, लपवून घेत असेल. ती देवळात गेली की मी तांदळाच्या डब्यात हात घालून पाहायचे. तांदूळच असायचे. तिच्या गुळवेलीच्या काढ्यानं तर माझी सर्दीही कधी हटली नव्हती.

गेल्या महिन्यात, इंग्रजी समजतं म्हणून, तिनं मला डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, फार थोड्या लोकांच्या शरीरातल्या पेशी विषाणू शिरलेल्या पेशींना ओळखून मारतात. विषाणू दबून राहतो, जात नाही. हा ताबा कधीही सुटू शकतो, म्हणून यांनीही गोळ्या सुरू कराव्यात. मी सगळं मराठीत सांगितलं. काकू मान डोलावून "हव" म्हणाली. परतताना ऑटोत बसल्यावर म्हणाली, "पाहिलं? काढ्यानं दबला."

तिला समजलं नव्हतं, की समजून घ्यायचं नव्हतं? काका गेल्यावर या घरी कोणी पाणी पीत नसे. आता तेच शेजारी काढ्याच्या बाटल्या भरून नेतात. मला वाटतं, तिला समजून घ्यायचंच नव्हतं.

"मळमळते हो गोळ्यांनी," सून म्हणाली. "सोडू काय मग?"

"सोडून पाह्य. लेकराले काहून त्रास?"

मी दारात जाऊन उभी राहिले.

"आली आमची इंग्रजी मॅडम," काकू हसली. "तोंड उघडत नाही, नुसते कान देते."

सूनही हसली आणि काढ्याची बाटली पिशवीत ठेवू लागली. काकू माझ्याकडे रोखून पाहत होती. आता ती हसत नव्हती.

"भाभी, गोळ्या सोडू नका," मी म्हणाले. "काकू काढ्यानं बरी नाहीये, तिचं शरीरच वेगळं आहे. तुमचं तसं असेलच असं नाही. गोळ्या चालू राहिल्या तर बाळाला हा आजार बहुतेक होणार नाही. मळमळीचं डॉक्टरांना सांगू. मी येते तुमच्यासोबत."