सातपाटीच्या पेजेवर उभा राहिलेला बोलर

मला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. तरी परवा एका निवृत्त फास्ट बोलरला घेऊन मी नाशिकहून पालघर गाठलं.

ग्रॅहम काका म्हणजे मी इंग्लंडला शिकत होते तेव्हाचे माझे घरमालक. परक्या देशात त्यांनी मला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं. तरुणपणी ते एका काउंटीकडून, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या टीमकडून, बोलिंग करायचे. पगार फक्त उन्हाळ्यातला, हिवाळ्यात मिळेल ते काम. अशाच एका हिवाळ्यात बोईसरला कारखान्याच्या टीमला शिकवायला आले आणि कावीळ होऊन आडवे झाले. टीममधल्या एका कामगाराने त्यांना सातपाटीला घरी नेलं. त्याच्या बायकोने, हिराबाईंनी, पेज भरवून त्यांना उभं केलं.

यंदा काका आमच्याकडे आले ते हीच गोष्ट घेऊन. "त्यांचे आभार मानायचेत. पण लाज वाटते गं. मोठा बोलर होईन असं त्यांना सांगून निघालो होतो. इंग्लंडकडून एकदाही खेळलो नाही."

म्हटलं, काका, चला तर खरं!

त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर असा रस्ता धरा. देखणा आहे, पण घाटात खड्डे असे की खाल्लेलं घशाशी येतं. जव्हारला चहा-वडापावसाठी थांबाच. मुक्काम बोईसरला केला. साधा लॉज दीड हजारात मिळतो.

सकाळी काकांचं जुनं मैदान शोधलं. तिथे पत्र्याची शेड! गेटवरचा रखवालदार म्हणाला, "मैदान? यहाँ तो कब का गोदाम बन गया, मॅडम." काका शेडला एक फेरी मारून आले. मलाच रडू आलं.

रविवार होता, म्हणून काकांना किनाऱ्यावरची मॅच दाखवायचा माझा बेत होता. पालघर स्टेशनबाहेरून सातपाटीला रिक्षा मिळते. पोचलो तर किनारा रिकामा. बोंबील वाळत घालणारी एक बाई खो खो हसली. "दर्याला कुटं रविवार असतो, बाय? उधाण हाय, ओढीला मासा गावतो, गडी जाल्यावर गेलं. भांग लागला, पान्याची ओढ कमी झाली की होड्या घरी. तवा क्रिकेट!" झालं, माझ्या नियोजनाचे तीनतेरा! हिराबाईंचं नाव काढताच तिने हातातलं काम टाकलं. त्या तिच्याच सासूबाई निघाल्या.

हिराबाई ऐंशीच्या पुढच्या, ओटीवर बसलेल्या. नवरा वारला आहे. काकांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "पिवला गोरा! मेल्या, मेलास का जगलास, कलवायचं तरी!"

काकांनी त्यांचे दोन्ही हात धरले. ते एक एक वाक्य इंग्रजीत बोलायचे, मी मराठीत सांगायचे. हिराबाईंनी नेमकं तेच विचारलं, "मंग देशाकडून खेललास?"

मला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. काका म्हणाले, "नाही. मला नाही जमलं."

"पोट भरलं का त्याच्यावर?"

"भरलं. घर झालं. दोन मुली शिकल्या."

"मंग रडतोस कशाला? घोल मासा सगल्यांच्या जाल्यात येतो का? येका घोलीत लोक घरं बांधतात. आमी जल्मभर बोंबील धरलं. पोरं उपाशी नाय ठेवली." आणि सुनेला हाक मारली, "अगो, पापलेट तल. तवा कावील होती, याला मासा दाखवला पन नवता!"

हे काकांना इंग्रजीत सांगायचं मी विसरले. मग सांगितलं, हळूहळू, एक शब्द न गाळता. काका ताटावर बसले तरी डोळे पुसत होते. तांदळाची भाकरी आणि तो पापलेट, अहाहा! देवाने पुन्हा तिथे जेवायला घालावं.

नाशिकला परतलो तर बाबांनी मित्र जमवलेले. "हे इंग्लंडच्या टीमचे बोलर!" बाबांनी छाती फुगवून सांगितलं. मी चटकन सावरायला पुढे झाले. त्याआधीच काका हसून म्हणाले, "नाही हो, काउंटीकडून खेळलो. त्यावरच घर चालवलं." आणि टोपलीतलं संत्रं उचलून त्यांनी चेंडूच्या शिवणीवर बोटं ठेवावी तशी ठेवली, मनगट वळवून दाखवलं. बाबा आणि मित्र चहा विसरून भोवती गोळा झाले.

मी त्यांच्या घरी राहिले तेवढ्या दिवसांत, चेंडू कसा धरायचा हे त्यांनी कुणाला दाखवलेलं मी एकदाही पाहिलं नव्हतं.