कुठे चाललास म्हणू नये

नवऱ्याने सायकल बाहेर काढली तेव्हा मी विचारणारच होते, पण पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंनी डोळे वटारले. घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठे चाललास' म्हणू नये, काम फिसकटतं, अशी त्यांची पक्की समजूत. "येतो गं," म्हणून तो गेला.

आमचं परदेशातलं, पार उत्तरेकडचं ते गाव लाकूडतोडीवर आणि डोंगरात सायकल मारायला येणाऱ्यांवर जगायचं. गावातल्या एकुलत्या दुकानाच्या दारात एक वही असायची. जंगलात जाणाऱ्याने आपली वाट लिहायची, परत आल्यावर खोडायची. आमचे साहेब त्या वहीला हसायचे.

तीन वाजता शेजारी आला. तो झाडं तोडणारं मशीन चालवायचा. आदल्या रात्रीच्या वाऱ्याने झाडं पडली होती, म्हणून रविवार असूनही दुपारपासून डोंगराच्या दोन्ही उतारांवर, तलावाकडच्या आणि पलीकडच्या, काम सुरू होतं. आमची सायकल जाताना त्याच्या बायकोने पाहिली होती, वहीत मात्र नाव नव्हतं.

"मशीन्स स्टॉप केली आहेत. तो कोणत्या साइडला गेलाय?"

बायको असून ठाऊक नाही, हे सांगायची मला लाज वाटली. "तलावाकडे," मी ठोकून दिलं.

सगळे तलावाकडे धावले. डिसेंबरातला दिवस, चारला अंधारून आलं. मोबाइलला रेंज नाही. सासूबाई खिडकीतून हलेनात. त्यांचा राग येत होताच, पण त्याहून जास्त स्वतःचा. अखेर मी धावत दुकानात गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मला माहीत नाही. मी त्याला विचारलंच नव्हतं."

दुकानदारणीने वायरलेसवरून माणसं दुसऱ्या उताराकडे वळवली.

तो तिथेच होता. आडव्या पडलेल्या झाडाला वळसा घालताना घोटा मोडलेला, थंडीने ओठ निळे. शेजाऱ्याने त्याला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघी त्या विषयावर कधी बोललो नाही.

दोन-अडीच महिन्यांनी त्याने पुन्हा सायकल काढली. मी दारात उभी होते. माझं तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला.

"कुठे चाललास रे? नीट सांग."

सासूबाईंनी कोट-बूट चढवले होते. दुकानाच्या दारातल्या वहीत त्याचं लिहून होईपर्यंत त्या त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.