फरशीवरचं वासरू

आमच्या साडूइतका मायाळू आणि तितकाच बिनडोक माणूस अंबरनाथपासून वांगणीपर्यंत दुसरा मिळणार नाही, आणि मिळालाच तर मला दाखवू नका. या एकाच्याच पायी माझं डोकं कायम तापलेलं असतं. जमिनीवर काही लहान जीव दिसला की या गृहस्थाने तो उचललाच. कोंबडीची पिल्लं सदऱ्याच्या खिशात, कुत्र्याचं पिल्लू स्कूटरच्या डिकीत. स्वतःसुद्धा समोरच्या टपरीवर पान खायला स्कूटरने जातो. वर म्हणतो, "पायांना कशाला तरास?"

बदलापुरात त्याने बंगला बांधला, तेव्हा गाईवरची मायाही उतू गेली आणि गोठ्याला हॉलसारखी चकचकीत फरशी बसली. गाय बिचारी जीव मुठीत धरून उभी राहायची. तिथेच ती व्याली. वासरू उठायला गेलं की चारी पाय चार दिशांना! ते पडलेलं बघून साडूलाच रडू फुटलं. त्याने बायकोच्या जुन्या नऊवारीची झोळी केली आणि वासरू छताच्या हुकाला टांगलं. बाटलीने दूध, डोक्यावर पंखा. आठवड्याने मी गेलो, तर पाय नुसते लोंबतायत, मांडीला मांस म्हणून नाही.

"अरे, हे वासरू हाय का झुंबर?" मी ओरडलो.

"पडतंय ना भाऊ ते. लागतं त्याला."

"पडू दे! अंगाचा भार पायांवर आला तरच पायांत बळ भरतं. गाय उचलते का त्याला? चाटते आणि नुसती उभी राहते. तिला अक्कल हाय, तुला नाय!"

टेम्पो बोलावून गाय-वासरू मी वांगणीला माझ्या वाडीत, मातीवर आणून सोडलं. वासरू उठे, कोसळे, पुन्हा उठे. साडू कुंपणाला धरून डोळे पुसत होता; तो धावला की मी काठी आडवी घालायचो. काही दिवसांनी एका संध्याकाळी वासराने पुढचे गुडघे टेकले, मागचे पाय ताणले आणि ते उभं राहिलं. लटपटलं, पण राहिलं. साडू माझ्याच खांद्यावर रडला. सदरा खराब केला माझा.

आता वासराला भेटायला तो रोज येतो. स्कूटर मी रस्त्यालाच लावायला लावतो. तिथून वाडीपर्यंतच्या चढावर तो मटकन खाली बसतो. स्कूटरवर बसून बसून त्याच्याही मांड्या पार वाळल्यात. "हात दे ना भाऊ," म्हणतो. मी शिव्या देतो, हात देत नाही. जमिनीला तळवे रेटून तो कण्हत उठायला लागतो.

तो उठेस्तोवर मी तिथून हलत नाही, एवढंच.