पंधरा मिनिटं गाडी हलणार नाही

गाडी चालवायला शिकवणाऱ्या त्या बाईंना सगळे ब्रेकताई म्हणत. शिकाऊ गाडीत त्यांच्या बाजूलाही एक ब्रेक होता आणि त्यांचा पाय त्यावर कायम तयार. बावीस वर्षांत त्यांनी हजारभर माणसांना रस्त्यावर आणलं होतं, तेही चांगल्या अर्थानं.

मधुमेह त्यांना अकराव्या वर्षापासूनचा. कमरेच्या पट्ट्याला इन्सुलिनचा पंप, दंडावर साखर मोजणारा सेन्सर. साखर चढली की एक लांब सूर, पंपाची नळी तुंबली की तीन तुटक, आणि साखर घसरली की नुसता कलकलाट. नवा शिकाऊ दचकून विचारी, माझं काही चुकलं का? ताई हसून म्हणत, तुमचं नाही, माझ्या स्वादुपिंडाचं, तुम्ही आरशात बघा. विषय तिथेच मिटे.

सेन्सरचा आकडा त्यांच्या वडिलांच्या फोनवरही जाई. ते घड्याळं दुरुस्त करत. डोळ्याला भिंग लावलेलं असो की चिमट्यात स्क्रू, भोंगा वाजला की हातातलं टाकून आधी लेकीला फोन. मी एकेचाळीस वर्षांची आहे, असं ताई त्यांना सुनवत. ते म्हणत, बरं, पण खाल्लंस का?

त्या दुपारी ताईंनी जेवणाआधीचा इन्सुलिनचा डोस पंपातून सोडला आणि डबा उघडणार तोच काकू आल्या, ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी. काकू म्हणजे निवृत्त ग्रंथपाल. नवऱ्याचे गुडघे गेल्यापासून घरची गाडी धूळ खात पडली होती, म्हणून त्रेसष्टाव्या वर्षी शिकायला आलेल्या. दंतवैद्याकडे जायचं होतं म्हणून लवकर आले, म्हणाल्या. भिडेखातर ताईंनी डबा बाजूला सारला. एक फेरी मारून येऊ, मग जेवू, असा विचार. पण अंगात गेलेलं इन्सुलिन कुणाची भीड ठेवत नाही.

ऐन बाजाररस्त्यात कलकलाट सुरू झाला. सत्तरच्या वर हवा तो आकडा चोपन्न आणि खाली तोंड केलेले दोन बाण. ताईंच्या कपाळावर घाम डवरला होता. पण साखर उतरली की माणूस हट्टी होतो, तसं त्यांचं झालं.

"चला पुढे," त्या जड जिभेनं म्हणाल्या. "पुढच्या चौकात बघू."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच गुरूची आज्ञा मोडली. वळणाचा दिवा लावला, आरसा पाहिला, आणि दुधाचा टेम्पो नि एक लाल मोटार यांच्यामधल्या जागेत गाडी मागे घेत कडेला लावली. मग ताई अधूनमधून जिच्यातून गोळी काढून चघळत, ती कप्प्यातली ग्लुकोजच्या गोळ्यांची डबी काढली. ताईंना झाकण निघेना, ते काकूंनीच काढलं आणि एकेक करून चार गोळ्या ताईंना चावायला लावल्या.

एवढ्यात ताईंचा फोन वाजला. काकूंनीच तो घेतला. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, पंधरा मिनिटं तिला हलू देऊ नका, ती ऐकणार नाही.

झालंही तसंच. पाचव्या मिनिटाला ताई म्हणाल्या, आता बरं वाटतंय, निघू. काकूंनी किल्ली काढून पर्समध्ये टाकली.

"पस्तीस वर्षं मी लोकांकडून मुदतीत पुस्तकं परत घेतली," त्या म्हणाल्या. "किल्लीही मुदत संपल्यावरच मिळेल. पंधरा मिनिटं गाडी हलणार नाही."

ताईंना हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ डोळे भरून आले. बाजारात कुणी भाजी निवडत होतं, कुणी भाव पाडत होतं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. एकटीनं निभावून नेता येतं याचा त्यांना फार अभिमान होता. आज शेजारी कुणीतरी घड्याळ बघत बसलंय, याचं त्यांना बरं वाटलं. पंधराव्या मिनिटाला आकडा ब्याऐंशीवर आला. मग दोघींनी त्याच जागी डबा उघडला. काकूंचा दंतवैद्य राहिलाच.

पुढे नवा माणूस आला की ताई गाडी सुरू करायच्या आधी त्याला गोळ्यांची डबी दाखवू लागल्या. मी चला म्हटलं तरी हा भोंगा वाजला की थांबायचं, हे सांगताना सुरुवातीला जीभ अडखळे, मग सवय झाली.

काकू दुसऱ्या खेपेला परीक्षा पास झाल्या. नवऱ्याला शेजारी बसवून गावाबाहेरच्या तळ्यापर्यंत गेल्या, आणि अंधार पडायच्या आत परतही आल्या.