तीन खाचांचं गॅस्केट

आमच्या मेसचे डबे मुकुंदवाडीहून चिकलठाण्याच्या एका कारखान्यात जातात, आमच्याच जुन्या डिझेल टेम्पोतून. मागच्या उन्हाळ्यात परत येताना तो जालना रोडवर तापून बंद पडला. मिस्त्रीनं इंजिन उघडलं, तर खालचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं हेड गॅस्केट जळालेलं आणि पाणी ऑइलमध्ये उतरलेलं. कारखाना देखभालीसाठी आठवडाभर बंद राहणार होता, तेवढं बरं झालं. पण सोमवारी डबे चुकले तर काम दुसऱ्याला देऊ, असं कँटीनच्या मॅनेजरनं बजावलं होतं.

यादी करून सामान आणायचं काम माझं, कारण आमचे हे दुकानात गेले की गप्पांतच रमतात. आपल्याकडं सुटा भाग आणायचा म्हणजे जुना नमुना न्यायचा आणि तसाच मागायचा. शनिवारी जळकं गॅस्केट आणि एक हेड बोल्ट वर्तमानपत्रात गुंडाळून मी शहागंजातलं सुट्या भागांचं दुकान गाठलं.

बोल्टांवरून घरी वाद झालाच होता. डिझेलमध्ये धुऊन तेच लावावेत, असं यांचं मत. दुकानदारानं जुना बोल्ट नव्याशेजारी काचेवर उभा केला. जुना किंचित उंच होता. असले बोल्ट आवळताना ताणले जातात आणि ताणलेला बोल्ट पुन्हा तशी पकड धरत नाही. मी नवा संच घेतला आणि फोटो यांना पाठवला.

गॅस्केट पुढं केलं, तर दुकानदार म्हणाला, "भाभी, नमुना राहू द्या. ब्लॉकला फेस मारला काय?"

मिस्त्रीला फोन लावला. ब्लॉक वाकला होता म्हणून वरून घासून सपाट करून घेतला होता. म्हणजे पिस्टन आता जास्त वर येणार आणि गॅस्केट जाड लागणार. जाडी कडेच्या खाचांवरून कळते. जुन्याला दोन खाचा होत्या. मिस्त्रीनं पिस्टनची उंची मोजून तीन खाचांचं सांगितलं. ते सोमवारी संध्याकाळी येणार होतं.

यांना कळवलं.

"दोनचंच आण. लई वर्षं चाललं ना तेच."

"आणि पिस्टन हेडला धडकला तर डबे काय डोक्यावर न्यायचे?"

"तू ने. तुझ्या यादीत लिही."

मी तीन खाचांचं सांगून आले आणि घरी पोचेपर्यंत दोन रिक्षा ठरवल्या. सोमवारी एका रिक्षात डबे, दुसरीत उरलेले डबे आणि वरणाचं पातेलं मांडीवर घेतलेले हे. मॅनेजर गेटवरच उभा होता. "टेम्पो विकला काय वहिनी?" म्हणाला, घड्याळ बघितलं आणि डबे आत घेतले.

मंगळवारीही रिक्षाच. त्या दुपारी मिस्त्रीनं बोल्ट मधल्यापासून बाहेर, थोडे थोडे करत आवळले. हे शेजारी बसून बघत होते.

बुधवारी डबे टेम्पोतून गेले. गेटवर यांनी इंजिन चालू ठेवूनच सगळे उतरवले. बंद करून पाहायची हिंमत अजून दोघांचीही नव्हती.