तलावातली खाज आणि आमची चहा-बिस्किटवाली संस्था

प्राणिशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संस्थेच्या अधिवेशनाचे फोटो मी दरवर्षी टाकते आणि तुम्ही दरवर्षी विचारता, "तिथं चहा-बिस्किटाशिवाय काय असतं?" आज उत्तर देते.

दुष्काळात चकलांब्याजवळचा तलाव तळाला गेलाय. पाण्यातली बाभळीची खोडं उघडी पडली, तर त्यांवर करडं, खरखरीत काहीतरी चिकटलेलं. जाळं ओढणाऱ्यांचे हात खाजून लाल झाले. पाण्यात विष कालवलंय, अशी आवई उठली. गेवराईच्या बाजारात आमचे मासे कुणी घेईना.

मच्छीमार सोसायटीचे चेअरमन तात्या खोडावरचा एक तुकडा घेऊन घरी आले. "म्याडम, तुमी कॉलेजात प्राणी शिकवता. हे काय हाय?"

खरं सांगते, मलाही कळेना. संस्थेच्या सभासद यादीतून एक जाणकार बाई शोधल्या आणि तुकडा स्पिरिटमध्ये घालून पाठवला.

आज सकाळी त्यांचा फोन आला. गोड्या पाण्यातला स्पंज, म्हणजे खोडाला चिकटून राहणारा एक प्राणीच! त्याच्या काचेसारख्या बारीक सुयांनी हात खाजतात. विष नाही. हातमोजे घाला, एवढंच.

तात्यांना सांगितलं. "लई जीव टांगणीला लागलता," म्हणाले. मी म्हटलं, "तलाव आटला तरी हा बियांसारखे दाणे ठेवून जातो. पाणी आलं की पुन्हा उगवतो."

"एवढा तग धरतोय? मंग सोसायटीचा मेंबरच करून घेऊ की त्याला!"

दुपारी जाळी पडली. आता आमच्या चुलीवर तात्यांनी धाडलेले मासे आहेत. चहा-बिस्किट नाही. कोण कोण येतंय?